हे चालतं कसं? : ‘त्या’ गोळ्या

मागच्या महिन्यात या सदरात रक्तदाबाच्या गोळीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेले बहुतेक निरोप ‘मग लोणचं खायचं की नाही?’ अशा धर्तीचे होते. एक मात्र वेगळा होता. आपल्या इंदूरच्याच, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचा. तिच्या काकांना कित्येक वर्षं रात्री दोन गोळ्या असतात. घरात त्यांचं नाव कुणी घेत नाही. ‘त्या गोळ्या घेतल्या का?’ एवढंच विचारतात. काका हल्ली जेवतानासुद्धा ताटावरून दोन-तीनदा उठतात. ‘हा आजार आहे की गोळ्यांचा परिणाम, असं घरात विचारलं की सगळे विषय बदलतात. तुम्ही लिहा,’ असं तिचं म्हणणं.

प्रश्न रास्त आहे. म्हणून या महिन्यात ‘त्या’ गोळ्या.

नेहमीची सूचना आधीच देतो. मी बी.ई., पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, डॉक्टर नाही. गोळी शरीरात जाऊन काय करते हे मी सांगू शकतो. कुणाला कोणती, किती आणि कधी बदलायची, हे मानसोपचारतज्ज्ञांचं काम. हा लेख वाचून कुणी एकही गोळी कमी-जास्त करू नये. का करू नये, तेही पुढे येतंच.

कशासाठी असतात?

या औषधांना अँटिसायकोटिक म्हणतात. सायकोसिस म्हणजे माणसाचा वास्तवाशी असलेला धागा सुटणं: कुणी नसताना आवाज ऐकू येणं, शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत अशी पक्की खात्री वाटणं, बोलण्याची संगती न लागणं. स्किझोफ्रेनियात हे होतं, बायपोलर आजारात उन्माद चढतो तेव्हा होतं, कधी तीव्र नैराश्यातही होतं. रिस्पेरिडोन, ओलॅन्झापिन, क्वेटायपिन, ॲरिपिप्राझोल, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल, क्लोझापिन ही आपल्याकडे नेहमी दिसणारी नावं. गोळ्यांच्या पाकिटावर कंपनीने ठेवलेलं नाव मोठं आणि हे खरं नाव बारीक अक्षरांत असतं. ते बारीक नाव वाचायची सवय लावा. पुढचं बरंच काही त्यावर अवलंबून आहे.

दोन गैरसमज इथेच बाजूला करू. या झोपेच्या गोळ्या नव्हेत. काहींनी झोप येते, पण ती काही त्यांची मुख्य कामगिरी नाही. दुसरं, यांचं व्यसन लागत नाही. कुणी या गोळ्यांसाठी तळमळत नाही. खरी अडचण उलटी आहे: घेणाऱ्याला त्या कधी एकदा सोडतो असं झालेलं असतं.

सर्पगंधेपासून पॅरिसपर्यंत

गोष्टीची सुरुवात आपल्याच देशात होते. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पूर्वापार औषधात आहे. बिहारकडे तर तिला ‘पागल की दवा’ असंच म्हणत. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या मुळांचा उपयोग मानसिक आजार आणि रक्तदाब या दोन्हींवर होतो, असं वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि परदेशातल्या डॉक्टरांचं लक्ष तिकडे वळलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळांतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. दोन वर्षांत अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत ते वापरात आलं.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये दुसरा धागा सुरू झाला. आंरी लाबोरी हे नौदलातले सर्जन. शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराला बसणारा धक्का कमी करणारं औषध ते शोधत होते. क्लोरप्रोमॅझिन नावाचं नवं औषध दिल्यावर रुग्ण जागा असतो, पण त्याची घालमेल थांबते, हे त्यांच्या लक्षात आलं. 1952 मध्ये पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर दनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. त्याआधी अशा रुग्णांसाठी मुख्यतः कोंडून ठेवणं, बांधून ठेवणं, थंड पाण्याची आंघोळ आणि विजेचे झटके एवढंच होतं. इथून पुढे माणसं घरी जाऊ लागली.

आता गंमत बघा. एक औषध मुळातून आलेलं, दुसरं कारखान्यातलं. रचना वेगळ्या. पण दोन्हींनी रुग्ण शांत होत, आणि दोन्हींनी काही रुग्णांचे हात थरथरू लागत, चेहरा निर्विकार होई, चाल मंदावे. थेट पार्किन्सनच्या आजारासारखं. गुण आणि दोष दोन्ही जोडीने येत असतील, तर त्यांचं मूळ एकच असणार. ते मूळ स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांच्या संशोधनातून पुढे आलं: डोपामाइन. रिसर्पिन मेंदूतला डोपामाइनचा साठाच रिकामा करतं. क्लोरप्रोमॅझिन साठ्याला हात लावत नाही; डोपामाइनची किल्ली ज्या कुलपात बसते, ते कुलूप अडवून धरतं. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं.

एक कुलूप, चार रस्ते

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. डोपामाइन हा असा एक निरोप, आणि तो घेणारं कुलूप म्हणजे रिसेप्टर. आपल्या विषयात मुख्य कुलूप डी-टू नावाचं.

डोपामाइनचे मेंदूत चार मोठे रस्ते आहेत. पहिला, कुठली गोष्ट महत्त्वाची आहे हे ठरवणाऱ्या भागाकडे जातो. सायकोसिसमध्ये इथे डोपामाइनची गर्दी होते. मग रस्त्यावरचा अनोळखी माणूस, टीव्हीवरचं वाक्य, फोनची रिंग, सगळं ‘आपल्यासाठीच’ वाटायला लागतं. दुसरा रस्ता कपाळामागच्या भागाकडे: उत्साह, नियोजन, एकाग्रता. तिसरा, हालचाली गुळगुळीत ठेवणाऱ्या भागाकडे. पार्किन्सनच्या आजारात हाच रस्ता सुकतो. चौथा पीयूषिका ग्रंथीकडे. तिथे डोपामाइन प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला लगाम घालतं.

आपल्याला पहिल्या रस्त्यावरची गर्दी कमी करायची असते. पण गोळीला पत्ता लिहिता येत नाही. ती रक्तातून जाते आणि चारही रस्त्यांवरची डी-टू कुलपं अडवते. माझ्या धंद्यातल्यांसाठी एका वाक्यात सांगायचं तर डोपामाइन हा ग्लोबल व्हेरिएबल आहे: एका फंक्शनसाठी त्याची किंमत बदलली, की तो वापरणारी बाकीची तीन फंक्शन्सही वेगळी वागायला लागतात. दुसऱ्या रस्त्यावर अडवलं तर सुस्ती आणि निरुत्साह, तिसऱ्यावर थरथर आणि ताठरपणा, चौथ्यावर प्रोलॅक्टिनचा लगाम सुटतो.

किती अडवायचं, याचंही गणित आहे. मेंदूच्या स्कॅनवरून दिसलं आहे, की साधारण 65 टक्के डी-टू कुलपं अडली की बहुतेकांना गुण येऊ लागतो, आणि 80 टक्क्यांच्या आसपास गेलं की थरथर-ताठरपणा सुरू होतो. मधली पट्टी अरुंद आहे. त्यात प्रत्येकाचं यकृत गोळी वेगवेगळ्या वेगाने संपवतं. म्हणून डॉक्टर हळूहळू डोस वाढवतात आणि ‘पंधरा दिवसांनी परत या’ म्हणतात.

ॲरिपिप्राझोल जरा वेगळं चालतं. ते कुलपात बसतं आणि किल्ली थोडीशी फिरवतंही. म्हणजे पूर्ण बंद न करता आवाज बारीक ठेवावा तसं. क्लोझापिन डी-टूला सैल धरतं आणि सोबत बऱ्याच दुसऱ्या कुलपांवर काम करतं.

ही दुसरी कुलपं हा त्रासाचा दुसरा स्रोत. हिस्टामिनचं कुलूप अडलं की झोप आणि भूक वाढते. ॲसिटिलकोलिनचं अडलं की तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते. रक्तवाहिन्यांमधलं एक कुलूप अडलं की पटकन उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. कोणती गोळी कुठली कुलपं किती अडवते ते माहीत असतं, म्हणूनच पाकिटावरचं बारीक नाव महत्त्वाचं. ‘या गोळ्यांनी त्रास होतोच’ हे अर्धसत्य आहे. कुठल्या गोळीने कुठला त्रास, याला उत्तर असतं. बदल करायला जागाही असते.

त्रासाचं कॅलेंडर

दुष्परिणाम ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे तो कधी सुरू झाला ते बघणं.

पहिले काही तास ते पहिला आठवडा. मान एका बाजूला ओढली जाणं, जबडा आवळणं, डोळे वर चढून तिथेच राहणं. याला डिस्टोनिया म्हणतात. तरुण मुलांमध्ये आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या, जोरकस औषधांनी जास्त. बघणारे घाबरतात, कुणी ‘अंगात आलं’ म्हणतं. दवाखान्यात योग्य इंजेक्शन मिळालं तर थोड्याच वेळात सुटतं. वाट बघत बसू नये. घशाचे स्नायू आवळले तर श्वासाला अडथळा येऊ शकतो.

पहिले काही दिवस ते काही आठवडे. इथे दोन गोष्टी. एक, पार्किन्सनसारखी लक्षणं: हात थरथरणं, चालताना हात न हलणं, चेहरा मुखवट्यासारखा, अक्षर बारीक होत जाणं. यावर पुष्कळदा ट्रायहेक्सीफेनिडिल नावाची छोटी गोळी सोबत देतात. तिचेही स्वतःचे त्रास आहेत, विशेषतः वयस्कांमध्ये विसराळूपणा. म्हणून ती वर्षानुवर्षं चालू ठेवायची का, हे विचारत राहावं.

दुसरी गोष्ट अकॅथिसिया, आणि इथे त्या मुलीच्या प्रश्नाला येतो. अकॅथिसिया म्हणजे आतून वाटणारी असह्य अस्वस्थता. माणूस बसला तर पाय हलवतो, उभा राहिला तर एका पायावरून दुसऱ्यावर जातो, सारख्या येरझारा घालतो. बाहेरून हे आजार वाढल्यासारखं दिसतं. घरचे डॉक्टरांना ‘बेचैनी वाढली आहे’ एवढंच सांगतात. त्यावरून आजारच उसळला असं वाटून डोस वाढला, तर त्रास आणखी वाढतो. म्हणून वाक्य बदलायला हवं. ‘गोळी बदलल्यापासून इतक्या दिवसांनी हे सुरू झालं, एका जागी बसवत नाही, त्यांना स्वतःला विचारलं तर पायांत कळवळ वाटते म्हणतात,’ असं सांगितलं तर डॉक्टरांचं कान टवकारतात. उपाय आहेत: डोस कमी करणं, औषध बदलणं, प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी सोबत देणं. अकॅथिसियात माणूस इतका कासावीस होतो, की जीव नकोसा होण्यापर्यंत जाऊ शकतो. तेव्हा ‘स्वभाव झालाय’ म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. काकांचं उठणं हेच आहे का, हे मी सांगू शकत नाही. पण हाच प्रश्न डॉक्टरांना विचारायचा आहे.

पहिले काही महिने. वजन, साखर, कोलेस्टेरॉल. ओलॅन्झापिन आणि क्लोझापिन यात सगळ्यांत पुढे. भूक नुसती वाढत नाही, पोट भरल्याचा निरोपच नीट पोचत नाही. सकाळी पोहे-जलेबी झाल्यावर दहा वाजता पुन्हा शेवेच्या डब्याकडे हात जातो, आणि घरचे म्हणतात, ‘खादाड झालाय.’ तो खादाड झालेला नाही. त्याच्या हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या कुलपांवर गोळी बसली आहे. आपल्या लोकांत मधुमेह तसाही घरोघरी, तेव्हा औषध सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघायलाच हवं. वजन पहिल्या महिन्यांत झपाट्याने वाढतं. तेव्हाच सांगितलं तर डॉक्टर औषध बदलू शकतात किंवा मेटफॉर्मिनचा विचार करू शकतात. वीस किलो वाढल्यावर ‘व्यायाम कर’ म्हणण्यात फार अर्थ उरत नाही.

याच काळात रिस्पेरिडोन किंवा अमिसल्प्राइड घेणाऱ्या मुलींची पाळी चुकू शकते, बाळ नसताना छातीतून दूध येऊ शकतं. पुरुषांत लैंगिक इच्छा कमी होते. आपल्या घरांत हे आईलासुद्धा सांगत नाहीत, आणि मग एक दिवस गोळी गुपचूप बंद होते. हा चौथ्या रस्त्याचा परिणाम आहे, रक्तात प्रोलॅक्टिन मोजता येतं, आणि औषध बदलता येतं. डॉक्टरांसमोर बोलायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.

काही वर्षं. ओठांचा चंबू होणं, जीभ आतबाहेर होणं, काही चघळल्यासारखा जबडा हलणं. हा टार्डिव्ह डिस्किनेशिया. वर्षानुवर्षं कुलूप अडवल्यावर मेंदू त्याला आपल्या पद्धतीने दिलेलं हे उत्तर. हा कधीकधी कायम राहतो, म्हणून लवकर दिसणं महत्त्वाचं. ज्याला होतो त्याला तो पुष्कळदा जाणवतही नाही. समोर बसलेल्यालाच दिसतो. ट्रायहेक्सीफेनिडिलने तो जात नाही, वाढू शकतो. त्याच्यावर आता वापरली जाणारी टेट्राबेनाझिनसारखी औषधं पेशीतल्या डोपामाइनच्या साठवणीवर काम करतात. म्हणजे सर्पगंधेतल्या रिसर्पिनचाच रस्ता, फक्त जरा हलक्या हाताने.

क्लोझापिन: भीती आणि शिस्त

क्लोझापिनसाठी वेगळा परिच्छेद हवा. 1975 साली फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटल्या आणि संसर्गाने आठ जण दगावले. औषध जवळजवळ मागे घेतलं गेलं. मग 1988 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. इतर औषधांनी गुण न आलेले रुग्ण घेतले होते. सहा आठवड्यांत क्लोरप्रोमॅझिनने त्यांच्यातल्या 4 टक्क्यांना सुधारणा दिसली, क्लोझापिनने 30 टक्क्यांना. औषध परत आलं, पण अट घालून: रक्ताची नियमित तपासणी. पांढऱ्या पेशी धोकादायक घटण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे आणि धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला तपासणी, नंतर अंतर वाढत जातं.

दोन बारकावे घरच्यांना माहीत हवेत. क्लोझापिनवर ताप आणि घसा दुखणं म्हणजे ‘बदलत्या हवेचं’ समजून क्रोसिन घ्यायचं नाही. त्याच दिवशी रक्त तपासायचं. आणि बद्धकोष्ठता हा इथे किरकोळ विषय नाही. आतडी थबकून जिवावर बेतू शकतं.

तिसरा बारकावा कुणालाच माहीत नसतो. विडी-सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत क्लोझापिन आणि ओलॅन्झापिन जास्त वेगाने संपवतं. डोस त्या हिशेबाने बसलेला असतो. त्या माणसाने एक दिवस विडी सोडली, की तोच डोस रक्तात चढायला लागतो. गुंगी वाढते, क्लोझापिनमध्ये झटकेही येऊ शकतात. विडी जरूर सोडावी. सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावं. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. तंबाखू खाणाऱ्याच्या बाबतीत हे गणित लागू होत नाही.

बंद केल्यावर काय होतं?

आता मुख्य मुद्दा. माझ्या नात्यातल्या एका दादाची गोष्ट, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून सांगतो. गोळ्यांवर तो बरा होता, दुकानाचे हिशेब सांभाळत होता. वजन मात्र वाढलं होतं, हात थरथरायचे, चेहरा मख्ख दिसायचा. लग्नाचं बघायला सुरुवात झाली. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, की बघण्याचा कार्यक्रम होईपर्यंत गोळ्या बंद. पहिल्या महिन्यात चमत्कार झाल्यासारखं वाटलं: चेहरा हसरा, हात स्थिर, वजन उतरलेलं. ‘बघा, आजार नव्हताच, गोळ्यांनीच आजारी केलं होतं,’ असं सगळे म्हणाले. लग्न ठरलं. तिसऱ्या महिन्यात झोप गेली. मग समोरच्या गच्चीवरच्या माणसाबद्दल बोलणं सुरू झालं. दिवाळीच्या आत त्याला दाखल करावं लागलं. लग्न मोडलं. नंतर त्याला सावरायला पहिल्या वेळेपेक्षा जास्त काळ लागला, आणि दुकान सुटलं ते सुटलंच. मुलीकडच्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. त्या मुलीचाही यात काही दोष नव्हता.

या गोष्टीत फसवणूक कुठे आहे ते बघा. गोळी बंद केली की त्रास आधी जातो आणि आजार नंतर येतो. मधले काही आठवडे, कधी काही महिने, अगदी छान असतात. त्या काळात सगळ्यांची खात्री पटते. तोपर्यंत आजाराची वेळ झालेली असते.

2012 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात 65 चाचण्यांचा, सुमारे साडेसहा हजार रुग्णांचा एकत्रित हिशेब आला. स्थिर झालेल्या रुग्णांपैकी ज्यांचं औषध चालू होतं, त्यांच्यातल्या 27 टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. ज्यांचं औषध काढून नुसती खोटी गोळी दिली, त्यांच्यात 64 टक्क्यांचा. आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. गोळी घेऊनही काहींचा आजार उलटतो, आणि न घेता काही जण ते वर्ष नीट काढतात. पण आपला माणूस कुठल्या गटात आहे, हे आधी कळण्याची सोय नाही. म्हणून कमी करायचं असेल तर डॉक्टरांसोबत, थोडं थोडं, लक्ष ठेवून. असं करता येतं, आणि डॉक्टरांकडे तशी मागणी करण्यात काही गैर नाही.

दादाचा प्रत्येक त्रास वरच्या कॅलेंडरमध्ये आहे. थरथर, मख्ख चेहरा, वजन. प्रत्येकावर काही ना काही करता आलं असतं. तीन वर्षांत यातली एकही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर गेली नव्हती. दर भेटीत ‘कसं चाललंय?’ ‘बरंय’ एवढंच व्हायचं, आणि पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या मिळायच्या.

याच्याच जोडीला आणखी एक घरगुती रीत आहे: गोळी कुटून वरणात किंवा चहात घालणं. करणाऱ्याची अगतिकता मी समजू शकतो. पण ज्याला आपण औषध घेतो हेच माहीत नाही, तो औषधाचा त्रास सांगणार कसा? त्याला वाटतं आपल्या शरीरालाच काहीतरी होतंय. आणि ज्या दिवशी कळतं, त्या दिवशी जेवणावरचा विश्वास उडतो. रोजची गोळी नको असेल तर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं असतात. त्याबद्दल उघडपणे बोलणं जास्त बरं.

आपण काय करायचं?

घरातली तरुण मंडळी इथे फार उपयोगी पडतात. मोठ्यांना लपवण्याची सवय झालेली असते. तुम्हाला मोबाइलवर नोंद ठेवायला काही वाटत नाही.

एक वही किंवा फोनमध्ये एक पान करा, ज्याची गोळी आहे त्याला विचारून आणि सोबत घेऊन. वर औषधांची बारीक अक्षरांतली नावं आणि डोस. खाली तारखा: डोस कधी बदलला, कोणता त्रास कधी सुरू झाला, झोप किती, वजन किती. दर भेटीत ते पान डॉक्टरांसमोर ठेवा. ‘बरंय’ या एका शब्दाऐवजी डॉक्टरांना काम करण्याजोगं काहीतरी मिळेल.

बाकीची औषधंही त्याच पानावर लिहा, आयुर्वेदिक धरून. सर्पगंधा असलेली गोळी या औषधांसोबत चालली तर दोन्ही बाजूंनी डोपामाइनवर घाला पडतो.

महाशिवरात्रीला आणि होळीला आपल्या माळव्यात भांग सहज मिळते. ज्याला सायकोसिस होऊन गेला आहे, त्याला ‘प्रसाद आहे, एक घोट घे’ असा आग्रह कुणी करू नये. भांगेने आजार उसळू शकतो. मे महिन्याच्या उन्हाचीही काळजी घ्या. ही औषधं शरीराची उष्णता सांभाळण्याची यंत्रणा ढिली करतात.

काही वेळा थांबायचं नसतं. जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि माणूस भ्रमात, असं एकत्र दिसलं तर थेट मोठं रुग्णालय. ही क्वचित होणारी पण जीवघेणी प्रतिक्रिया असते. मान किंवा डोळे ओढले गेले, चक्कर येऊन पडलं, जीव द्यायची भाषा सुरू झाली, तरी तसंच. दिवस राहिले असतील तर स्वतःहून गोळी बंद न करता लगेच डॉक्टरांना भेटा.

रात्री-बेरात्री कुणाशी बोलावं हे सुचलं नाही तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, नंबर 14416. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने एक चांगला हक्क दिला आहे: माणूस बरा असताना आगाऊ लिहून ठेवू शकतो, की पुन्हा आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत. कुठल्या औषधाने आपले हाल झाले, हे ज्याने भोगलं त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

या गोळ्या परिपूर्ण नाहीत. त्यांचा गुण आणि त्यांचा त्रास एकाच कुलपातून येतो, त्यामुळे त्रास शून्यावर आणणं नेहमी जमत नाही. पण त्याला नाव असतं, वेळ असते, आणि बहुतेकदा उपाय असतो. फक्त कुणीतरी तो सांगावा लागतो. तेव्हा आज घरी गेल्यावर पाकीट हातात घ्या आणि बारीक अक्षरांतलं नाव मोठ्याने वाचा. ‘त्या गोळ्या’ म्हणणं तिथे थांबेल.

पुढच्या महिन्यात जरा हलका विषय: घरचा इन्व्हर्टर. तोवर प्रश्न पाठवत राहा.